दोष सगळ्या पेशींत, दुखणे लाल पेशीत

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण भागात, मारेगाव, झरी जामणी, केळापूर, घाटंजी या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत, गोंड आणि परधानांची गावे आहेत. इथल्या आरोग्य केंद्रात, आश्रमशाळेत किंवा गरोदर मातांच्या तपासणीत बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब घेतात आणि तो एका द्रावणात मिसळतात. द्रावण स्वच्छ राहिले तर चिंता नाही. गढूळ झाले तर पुढची चाचणी करावी लागते. ही सिकलसेलची प्राथमिक तपासणी. त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्या सांगतात की माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण.

हा आजार रक्ताचा म्हणून ओळखला जातो, पण ज्या चुकीमुळे तो होतो ती चूक काही फक्त रक्तात नसते. ती आईवडिलांकडून आलेली असते आणि गर्भ राहिल्याच्या पहिल्या दिवसापासून शरीरभर असते. ज्या बोटाला सुई टोचली त्या बोटाच्या कातडीत ती आहे, डोळ्यांत आहे, मेंदूत आहे, केसांच्या मुळाशी आहे. तरी तिचा पहिला फटका बसतो तो फक्त लाल पेशीला. इतर अवयव पुढे होरपळतात ते लाल पेशी बिघडल्यामुळे. त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे रक्तात फिरणाऱ्या तयार लाल पेशीत गुणसूत्रेच नसतात. ज्या पेशीत चूक लिहिलेली नाही तीच चुकीचे फळ भोगते, आणि ज्या पेशींत ती लिहिलेली आहे त्या मजेत असतात.

हे कोडे सुटते ते मूलपेशींपाशी. एका पेशीपासून शेकडो प्रकारच्या पेशी कशा घडतात, घडताना त्या काय उघडतात आणि काय मिटवून ठेवतात, हे समजले की सिकलसेल का होतो, सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला तो का जाणवत नाही आणि त्याचा मुळापासून उपचार कुठे करावा लागतो, या सगळ्यांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात.

एका पेशीतून सगळे शरीर

माणसाची सुरुवात एका फलित पेशीतून होते. तिची दोन, दोनाच्या चार अशी विभागणी होत पाचव्या-सहाव्या दिवशी शंभर-दोनशे पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो. त्याच्या आत एका बाजूला चिकटलेला पेशींचा लहानसा पुंजका असतो. या पुंजक्यातल्या पेशी अजून काहीच झालेल्या नसतात आणि म्हणून शरीरातले काहीही होऊ शकतात. त्यांना गर्भमूलपेशी म्हणतात. माणसाच्या अशा पेशी प्रयोगशाळेत पहिल्यांदा वाढवल्या त्या १९९८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जेम्स थॉमसन यांनी.

पुढच्या काही आठवड्यांत या पेशींचे तीन थर होतात. बाहेरच्या थरातून कातडी आणि मज्जासंस्था, आतल्या थरातून आतडी, यकृत, फुप्फुसे आणि मधल्या थरातून हाडे, स्नायू, हृदय आणि रक्त. प्रत्येक टप्प्यावर पेशीच्या वाटा कमी होत जातात. मधल्या थरात गेलेली पेशी सहसा परत फिरून मेंदू होत नाही. शेवटी दोनशेहून अधिक प्रकारच्या पेशी दिसतात आणि प्रत्येकीचे काम ठरलेले असते.

पेशी विशेष झाली म्हणजे तिने नको असलेली जनुके टाकून दिली, असे पूर्वी अनेक शास्त्रज्ञांना वाटे. ते खरे नाही. मानवी पेशीत सुमारे २० हजार प्रथिन-जनुके असतात आणि काही अपवाद वगळता ती सगळी प्रत्येक पेशीत शाबूत राहतात. फरक पडतो तो कोणती वापरात आहेत यात. तलाठ्याच्या दप्तरात सगळ्या गावाची नोंद असते, पण ज्याचे काम असेल त्याचाच सातबारा बाहेर निघतो. पेशीही तसेच करते. यकृताची पेशी यकृताची जनुके उघडते, चेतापेशी आपली उघडते, आणि बाकीचा भाग घट्ट गुंडाळून बाजूला ठेवते.

हे उघडणे-मिटणे मुख्यतः दोन प्रकारांनी होते. पेशीत काही नियामक प्रथिने असतात. ती जनुकांशेजारच्या ठरावीक जागी जाऊन बसतात आणि ते जनुक चालू किंवा बंद करतात. एक नियामक दुसऱ्या नियामकाचे जनुक चालू करतो, दुसरा तिसऱ्याचे, आणि अशी साखळी तयार होते. दुसरा प्रकार डीएनएच्या बांधणीचा. प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. जो भाग घट्ट गुंडाळला किंवा ज्याच्यावर मिथाइल गटाच्या रासायनिक खुणा बसल्या तो वाचला जात नाही. पेशी विभागली तरी या खुणा बऱ्याच अंशी पुढच्या पेशींत उतरतात. म्हणून जखम भरताना कातडीच्या पेशींपासून कातडीच तयार होते, दात उगवत नाही.

वनस्पतींतही हेच घडते, आणि यवतमाळकरांच्या तर ते हातात रोज असते. कापसाच्या बोंडातला प्रत्येक धागा ही सरकीच्या पृष्ठभागावरची एकच पेशी असते. तिच्या शेजारच्या बहुतेक पेशी साध्या सालीच्या पेशी होऊन राहतात. ही मात्र वेगळी जनुके उघडते, लांबत लांबत अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत जाते, आत सेल्युलोजचे थर चढवते आणि मरते. या जिल्ह्याचे पांढरे सोने म्हणजे आपले काम पूर्ण करून वाळलेल्या, विशेष झालेल्या पेशी आहेत.

मिटवलेली जनुके शाबूत असतात याचा पुरावा १९६२ साली इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी दिला. बेडकाच्या पिलाच्या आतड्यातल्या पेशीचे केंद्रक त्यांनी केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातले आणि त्यातून पोहणारी पिले तयार झाली. आतड्याच्या पेशीत संपूर्ण बेडूक घडवण्याची माहिती शिल्लक होती. पुढे २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीत चार नियामक जनुके घालून तिला पुन्हा गर्भमूलपेशीसारखी करून दाखवले आणि २००७ साली माणसाच्या पेशीवरही ते साधले. या दोघांना २०१२ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

रक्ताच्या मूलपेशी

मोठ्या माणसाच्या शरीरात सर्वसमर्थ गर्भमूलपेशी उरत नाहीत, पण मर्यादित कामाच्या मूलपेशी अनेक ठिकाणी असतात. आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होते, कातडी झडते आणि भरते, ते त्यांच्यामुळे. यांत सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो रक्ताच्या मूलपेशींचा.

त्या सापडल्या त्या अणुयुगाच्या भीतीतून. किरणोत्सर्गाचा अस्थिमज्जेवर काय परिणाम होतो, हे टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककलक अभ्यासत होते. किरणांचा मारा केलेल्या उंदरांना ते दुसऱ्या उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी टोचत. सुमारे दहा दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी दिसू लागल्या. जितक्या जास्त पेशी टोचाव्यात तितक्या जास्त गाठी. गाठीत लाल पेशी होत्या, पांढऱ्या होत्या, बिंबिका तयार करणाऱ्याही होत्या. १९६१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढच्या दोन वर्षांत दाखवून दिले की एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली आहे. एकच पेशी अनेक प्रकारचे रक्त बनवते, याचा तो पहिला ठोस पुरावा. १९९६ साली जपानी शास्त्रज्ञांनी याच्याही पुढे जाऊन निवडलेली एकच मूलपेशी टोचून उंदराचे रक्त दीर्घकाळ पुन्हा उभे राहू शकते हे दाखवले.

मूलपेशी म्हणवून घेण्यासाठी दोन गुण लागतात. विभागल्यावर आपल्यासारखीच पेशी मागे ठेवता आली पाहिजे आणि वेगळे काम करणारी पेशीही देता आली पाहिजे. पहिला गुण नसेल तर साठा संपेल, दुसरा नसेल तर त्या साठ्याचा उपयोग नाही. रक्ताच्या खऱ्या मूलपेशी थोड्याच असतात. मोठ्या माणसात सक्रिय मूलपेशी ५० हजार ते २ लाख असाव्यात असा एक अंदाज आहे. त्या बहुतेक वेळ शांत असतात आणि क्वचितच विभागतात. उत्पादनाचा खरा भार त्यांच्यापासून झालेल्या मधल्या पेशी उचलतात. ही व्यवस्था शहाणपणाची आहे, कारण प्रत्येक विभागणीत डीएनएची नक्कल करताना चूक होण्याचा धोका असतो आणि मूलपेशीतली चूक आयुष्यभर पुरते.

गर्भात या मूलपेशी पाचव्या आठवड्याच्या सुमारास महारोहिणीच्या भिंतीत जन्मतात. तिथून त्या यकृतात जातात, आणि जन्माच्या आधी अस्थिमज्जेत वस्ती करतात. लहान मुलांच्या जवळपास सगळ्या हाडांत रक्त तयार होते. मोठेपणी ते कमरेची हाडे, मणके, छातीचे हाड, बरगड्या, कवटी अशा हाडांपुरते उरते. अस्थिमज्जेतल्या शेजारच्या पेशी सतत रासायनिक निरोप देत असतात, आणि मूलपेशीने शांत राहायचे की कामाला लागायचे हे त्यांच्यावर बरेच अवलंबून असते.

लाल पेशी घडते कशी

मूलपेशीच्या वंशातल्या एखाद्या पेशीने लाल पेशी व्हायचे की पांढरी, याचा निर्णय नियामक प्रथिनांच्या चढाओढीत होतो. गाटा-१ हे प्रथिन लाल पेशीच्या बाजूचे, पीयू-१ काही प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या बाजूचे. दोघे एकमेकांना दाबतात. एकाचे पारडे जड झाले की तो आपल्या जनुकांना चालना देतो आणि पेशीची वाट ठरते.

बाहेरूनही हुकूम येतो. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडते. ते अस्थिमज्जेत पोहोचले की लाल पेशींकडे निघालेल्या जास्त पेशी जगतात आणि उत्पादन वाढते. ऑक्सिजनची कमतरता पेशींना कळते कशी, हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ सालचे नोबेल मिळाले.

एकदा वाट ठरली की पेशी भराभर विभागते आणि हिमोग्लोबिन बनवण्याच्या मागे लागते. बाकीची बहुतेक कामे ती बंद करते. शेवटी ती स्वतःचे केंद्रकच बाहेर टाकते आणि शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. राहते ती सात-आठ मायक्रॉन रुंदीची, मध्ये दबलेली, लवचिक चकती. तिच्यात हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू खच्चून भरलेले असतात. निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला अशा वीस लाखांवर पेशी तयार होतात आणि प्रत्येक सुमारे १२० दिवस जगते.

कोड्याचे उत्तर इथे आहे. सिकलसेलची चूक ज्या जनुकात आहे ते बीटा ग्लोबिनचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. कातडीत, डोळ्यांत, मेंदूत ते मिटलेले असते. मिटलेल्या जनुकातली चूक निरुपद्रवी असते. लाल पेशीच्या वंशात मात्र तेच जनुक पूर्ण ताकदीने उघडते. पेशीचे जवळजवळ सगळे प्रथिन त्याच्या आणि त्याच्या जोडीदाराच्या, म्हणजे अल्फा ग्लोबिनच्या हुकमाने बनते. केंद्रक फेकण्याच्या आधीच चुकीचे हिमोग्लोबिन पेशीत भरलेले असते. पाटी पुसली गेली तरी त्या पाटीवरून घडलेला माल आत राहतो, आणि दुरुस्तीची सोयही केंद्रकाबरोबर गेलेली असते.

एका अक्षराची चूक

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या लाल पेशी पाहिल्याची नोंद केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका पकडला. बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. डीएनएच्या भाषेत पाहिले तर एक अक्षर बदललेले असते.

ऑक्सिजन सोडून दिला की या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या लांब, ताठ दोऱ्या बनतात. पेशी आतून ताणली जाते, वाकते, कडक होते. केशवाहिन्या लाल पेशीपेक्षाही अरुंद असतात. निरोगी पेशी लवून त्यातून जाते, ही अडकते. मागचा रक्तपुरवठा तुंबतो आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना सुरू होतात. अशा पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच टिकतात. त्या फुटल्याने डोळे पिवळे दिसतात आणि रक्त कमी होते. कमतरता भरून काढायला अस्थिमज्जा दिवसरात्र राबते, काही मुलांत तर तिच्या विस्ताराने कपाळाचे हाड पुढे येते.

सर्वांना हा त्रास सारखा होत नाही. आईवडील दोघांकडून चुकीचे जनुक आले तर माणूस रुग्ण होतो. एकाकडूनच आले तर तो वाहक. त्याच्या लाल पेशीत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन चांगले असते आणि तो सामान्य आयुष्य जगतो. उलट वाहकाला जीवघेण्या फाल्सिपेरम मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेत दाखवले. ज्या जंगलपट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकून राहिले आणि वाढले, याचे कारण हेच.

भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. मध्य भारतातल्या त्याच्या अस्तित्वावर नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली लिहिले. विदर्भात तो आदिवासींबरोबरच इतर अनेक समाजांतही आढळतो, त्यामुळे तो अमुक एका जातीचा आजार आहे असे समजणे चूक आणि घातक दोन्ही आहे. भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो असे पूर्वी मानले जाई. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी विदर्भातल्या मुलांचा दीर्घ अभ्यास करून तो इथे गंभीर रूपातही दिसतो हे दाखवून दिले आहे.

सहा महिन्यांची सवलत

सिकलसेल घेऊन जन्मलेले बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली याचे कारण ओळखले. गर्भात असताना बाळ बीटा साखळी फारशी वापरत नाही. त्याऐवजी गॅमा साखळी वापरून गर्भ-हिमोग्लोबिन बनवते. आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायला ते अधिक चांगले असते. जन्माच्या आसपास लाल पेशींच्या वंशात गॅमाचे जनुक मिटू लागते, बीटाचे उघडते. सहा महिन्यांच्या सुमारास हा बदल जवळपास पुरा होतो आणि मग हाता-पायांची बोटे सुजणे, वारंवार ताप, फिकटपणा अशी लक्षणे दिसू लागतात. म्हणूनच सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची गढूळपणाची साधी चाचणी विश्वासार्ह नसते.

काहींच्या शरीरात मोठेपणीही बरेच गर्भ-हिमोग्लोबिन उरते. त्यांना त्रास कमी होतो, कारण गॅमा साखळी त्या ताठ दोऱ्या बनण्यात अडथळा आणते. सिकलसेलवर सर्वांत जास्त वापरले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध याच मार्गाने उपयोगी पडते. ते अस्थिमज्जेतल्या विभागणाऱ्या पेशींवर काम करते आणि गर्भ-हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासून ते नियमित घेतले तर वेदनांचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ दोन्ही कमी होतात.

गॅमाचे जनुक मिटवतो कोण, याचे उत्तर २००८ साली मिळाले. बीसीएल११ए नावाचे नियामक प्रथिन ते काम करते, हे बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या चमूने दाखवले.

पेशींच्या घडणीशी जोडलेली आणखी एक गोष्ट सिकलसेलच्या घरात माहीत असायला हवी. पार्व्होव्हायरस बी-१९ हा विषाणू लाल पेशींच्या तरुण पूर्वज पेशींत शिरतो आणि आठवडाभर उत्पादन बंद पाडतो. ज्याच्या पेशी १२० दिवस टिकतात त्याला हे कळतही नाही. ज्याच्या पेशी १५ दिवसांत संपतात त्याचे हिमोग्लोबिन काही दिवसांत धोकादायक पातळीवर घसरते. म्हणून सिकलसेल असलेले मूल तापानंतर एकाएकी पांढरेफटक आणि मलूल दिसू लागले तर तडक दवाखाना गाठावा.

मुळावर उपचार

लाल पेशी दुरुस्त करून भागत नाही. ती काही दिवसांनी मरणारच असते. कायमचा उपचार करायचा तर मूलपेशीच बदलावी किंवा सुधारावी लागते.

पहिला मार्ग अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा. रुग्णाच्या मूलपेशी औषधांनी नष्ट करून त्या जागी दुसऱ्याच्या निरोगी मूलपेशी शिरेतून सोडतात. त्या रक्तातून फिरत स्वतःच अस्थिमज्जेचा ठिकाणा शोधतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. सिकलसेल या मार्गाने बरा होऊ शकतो हे १९८४ साली अमेरिकेत दिसले. एका मुलीला रक्ताच्या कर्करोगासाठी प्रत्यारोपण केले आणि तिचा सिकलसेलही गेला. अडचण दात्याची असते. सख्ख्या भावंडाशी ऊती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. शिवाय जंतुसंसर्ग, परक्या पेशींनी शरीरावर केलेला हल्ला आणि वंध्यत्व हे धोके आहेत, आणि खर्च मोठा आहे.

दुसरा मार्ग रुग्णाच्याच मूलपेशी सुधारण्याचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. यात रुग्णाच्या मूलपेशी काढून क्रिस्पर या जनुकीय कात्रीने बीसीएल११एच्या जनुकाशेजारची एक कळ तोडतात आणि पेशी परत देतात. गर्भ-हिमोग्लोबिनवरचा पहारा उठतो आणि ते पुन्हा तयार होऊ लागते. बीसीएल११ए मेंदूत आणि प्रतिकार पेशींतही गरजेचे आहे. ते समूळ काढले तर तिथे बिघाड होईल. पण तोडलेली कळ लाल पेशींच्या वंशातच वापरली जाते. तो कट मूलपेशीत आणि तिच्या सगळ्या वंशजांत असतो, परिणाम मात्र लाल पेशीतच दिसतो. सिकलसेलची चूक ज्या नियमाने एकाच प्रकारच्या पेशीला छळते, त्याच नियमाने हा उपचार एकाच प्रकारच्या पेशीत काम करतो.

अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली, म्हणजे आपल्याकडच्या रुग्णाच्या आवाक्याबाहेर. दिल्लीच्या सीएसआयआरच्या जनुकविज्ञान संस्थेने स्वतःची क्रिस्पर पद्धत विकसित केली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘बिरसा १०१’ या नावाने ती जाहीर केली आणि तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले. ती सर्वसामान्य रुग्णांपर्यंत येईपर्यंत हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक आम्ल, लसी आणि वेळेवर दवाखाना हेच खरे उपचार आहेत. सिकलसेलचा फिकटपणा लोहाच्या कमतरतेमुळे आलेला नसतो, त्यामुळे तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या चालू ठेवू नयेत. पाणी कमी पडणे, गारठा आणि अतिश्रम यांनी झटका येतो. यवतमाळच्या उन्हाळ्यात शेतावर जाताना भरपूर पाणी आणि थंडीतल्या पहाटेच्या कापूस वेचणीला गरम कपडे या रुग्णासाठी औषधाइतकेच मोलाचे आहेत.

मूलपेशींच्या नावावरची विक्री

मूलपेशी हा शब्द आता जाहिरातींतही आला आहे. गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर मूलपेशींचे इंजेक्शन असल्याचे दावे केले जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा प्रस्थापित उपचार म्हणजे ठरावीक रक्तविकार आणि तत्सम आजारांसाठी रक्ताच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण. बाकी सगळे संशोधनाच्या चौकटीत, नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवे आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

बाळाच्या नाळेचे रक्त खासगी पेढीत साठवण्याचा आग्रहही नव्या आईवडिलांना होतो. वर सांगितलेली एकच गोष्ट लक्षात ठेवली तर त्यातली मेख कळते. आनुवंशिक चूक बाळाच्या सगळ्या पेशींत असते, म्हणजे नाळेतल्या मूलपेशींतही असते. सिकलसेल असलेल्या बाळाला स्वतःच्याच नाळेतल्या पेशी आहेत तशा देऊन सिकलसेल बरा होणार नाही. निरोगी आणि जुळणाऱ्या भावंडाच्या नाळेतले रक्त मात्र उपयोगी पडू शकते, आणि घरात असा रुग्ण असेल तर तो सल्ला रक्तविकारतज्ज्ञाकडून घ्यावा.

लग्नाआधीचा एक कागद

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. यवतमाळच्या शेजारी चंद्रपुरात हिमोग्लोबिनच्या आजारांवर काम करणारे आयसीएमआरचे केंद्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे पात्र रुग्णाला प्रमाणपत्र मिळू शकते.

निर्मूलनाचा हिशोब मात्र शेवटी घराघरांत होतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी होण्याची चारात एक असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नसते. दर वेळी हिशोब नव्याने सुरू होतो. वाहक आणि वाहक नसलेली व्यक्ती यांच्या मुलांत रुग्ण होण्याचा धोका सहसा नसतो. फक्त जोडीदाराला थॅलेसेमियासारखा हिमोग्लोबिनचा दुसरा दोष नाही ना, हे पाहावे लागते. वाहक आहे म्हणून मुलीचे ठरलेले लग्न मोडणे हे अज्ञान आहे, आणि तपासणीच लपवणे हे त्याहून मोठे नुकसान आहे. दोघेही वाहक असतील तर गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते. त्यासाठी समुपदेशन आधीच घ्यावे लागते.

मूलपेशीतली ही नोंद आयुष्यभर बदलत नाही. त्यामुळे बाळपण ओलांडल्यावर केलेली पक्की चाचणी एकदाच पुरते आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. पत्रिका पाहणाऱ्या प्रत्येक घराने मुलाचा आणि मुलीचा, दोघांचाही सिकलसेल अहवाल आधी पाहावा.